काशीच्या गळ्यातली घंटा

काशीनं मान हलवली आणि घंटा वाजली नाही.

मी डोंगराच्या सोंडेवरच्या सपाटावर उभी होते. माझ्यासोबत आमची म्हातारी शेळी काशी आणि पुढं आलेल्या सात-आठ शेळ्या. बाकीचा कळप आणि माझी थोरली जाऊ पारूअक्का अजून खाली, कमरेएवढ्या वाळक्या गवतात. आणि गवत पेटलं होतं. आग पायथ्याकडून वर येत होती आणि दुपारचा वारा तिच्या पाठीशी होता. धुरात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. पारूअक्काला एरवीही दिसत नव्हतं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ती शेळ्या कानानं राखायची. काशीची घंटा पुढं वाजायची आणि अक्का मागून त्या आवाजावर चालायची. कळपही त्याच आवाजावर चालायचा.

मी ओरडले, "अक्का, वर या! इकडं, वर!"

वणवा आधी दिसतो असं लोकांना वाटतं. तो आधी ऐकू येतो, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. त्यात माझी हाक मलाच ऐकू येईना. काशी बिथरून मान झटकत होती आणि तिच्या गळ्यात नुसतं थड थड होत होतं. घंटेत चिंधी कोंबलेली होती. आठ-दहा दिवसांपूर्वी मीच कोंबली होती.

का कोंबली, ते सांगायचं तर आधी आमचा धंदा सांगावा लागेल.

मी चौथी शिकलेली बाई आहे. दिंडोरीच्या पश्चिमेला, द्राक्षाचे मळे संपून डोंगर सुरू होतात तिथं आमचं गाव. घरात जमीन नव्हती. माझा नवरा अंबडला कंपनीत हेल्पर होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा. पारूअक्काचा नवरा, माझे थोरले दीर, लवकर वारले. मग आम्ही दोघी जावांनी मिळून शेळ्या धरल्या. दुधाच्या नाही, मटणाच्या. हे मी आधीच सांगते, कारण पुढं कुणी हळहळायला नको. बोकड वाढवायचा तो कापायलाच. मी त्यांना कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही आणि नावंही ठेवली नाहीत.

एकदा अंबडहून एक साहेब नवसाचा बोकड घ्यायला आले. त्यांना संपूर्ण काळा हवा होता, एकही पांढरा केस चालणार नव्हता. आधी दुसरीकडून घेतलेला काळा बोकड आंघोळ घालताच तांबडा निघाला म्हणे, कुणीतरी कलप लावून दिला होता. म्हणून ह्या वेळी ते ओला टॉवेल घेऊनच आले होते. माझ्या बोकडाला शेपटीपासून कानापर्यंत पुसून काढलं. बोकड खूश. टॉवेल पांढराच राहिला, तेव्हा साहेबांनी विचारलं, "ह्याचं नाव काय?"

मी म्हटलं, "बोकड."

नाव फक्त काशीला होतं, कारण ती विकायची नव्हती. ती कळपाची पुढारीण. तिला करडं होणं बंद होऊन वर्षं झाली होती, दात पडले होते, पण ती उठली की कळप उठायचा, ती बसली की बसायचा. तिच्या गळ्यात वणीच्या बाजारातून आणलेली पितळी घंटा. नाशिकहून माल घ्यायला येणारे हनीफभाई खाटीक दर खेपेला तिच्याकडं बघून म्हणायचे, "बाई, ये बुढ्ढी कब देती?"

"मी मेल्यावर."

"तो फिर पहले कौन, ये की तुम?"

हनीफभाईंनी मला माल बघायला शिकवलं. वजनकाटा नंतर आला. ते बोकडाच्या पाठीवर, बरगड्यांच्या मागं, बोटं दाबायचे. हाड टोचलं की जनावर हलकं. मांस दोन्ही बाजूंनी भरून आलं असेल तर हाताला कण्याची नुसती रेघ लागते. मग छातीखाली हात. तिथं चरबी लोण्यासारखी हलली तर ते नाक मुरडायचे, "ये बैठ के खाया हुआ है." आमच्या मालाला ते डोंगरचा माल म्हणायचे. दिवसभर चढ-उतार करून पंचवीस जातीचा पाला खाल्लेलं जनावर वेगळंच असतं, हे त्यांच्या गिऱ्हाइकांना जिभेवर कळायचं.

शेळ्या राखणं म्हणजे झाडाखाली बसणं, असं पुष्कळांना वाटतं. त्यांनी एक दिवस यावं. पावसाळ्यात शेळी चिखलात ठेवली तर खुरं सडतात, म्हणून तेव्हा खडकाळ चढावर न्यायची. दसऱ्याच्या सुमाराला गवताला कुसळं येतात. ती डोळ्यांत, कातडीत घुसतात, म्हणून तेव्हा झुडपांवर ठेवायची. कुसळं गळाली, बी जमिनीत पडलं की मग डोंगरावरचं उभं गवत खाऊ घालायचं, थंडीभर. उन्हाळ्यात ओढ्याकाठच्या बाभळीच्या शेंगा. एका जागी दोन-तीन दिवसांच्या वर थांबायचं नाही. जागा उघडी पडायच्या आत पुढं सरकायचं. हे मला माझ्या सासूनं शिकवलं, तिला कुणी ते ठाऊक नाही.

ह्यात डोंगराचाही फायदा होता, पण तो कुणी आम्हाला विचारला नाही. शेळीच्या पोटातून आलेलं बाभळीचं आणि बोराचं बी चांगलं रुजतं. आमच्या वाटांच्या दोन्ही बाजूंना बोरी उगवल्या त्या कुणी लावलेल्या नाहीत. लेंड्या पडायच्या तिथं पुढच्या पावसाळ्यात गवत दाट. आणि सगळ्यात मोठं म्हणजे होळी येईपर्यंत डोंगरावरचं गवत घोट्याएवढं झालेलं असायचं. वणवे तेव्हाही लागायचे. कुणी बिडी टाकतं, कुणी फुलं वेचायला मोहाखालचा पालापाचोळा पेटवतं. पण आग घोट्याएवढ्या गवतातून रांगत यायची आणि पहिल्या ओढ्याशी विझायची. बायका निरगुडीच्या फांद्या घेऊन ती झोडपून काढायच्या.

शेळी झाड खाते, हेही खरं. कोवळा शेंडा दिसला की ती सोडत नाही. नव्वदच्या सुमाराला आमच्या गावात सगळ्यांच्याच शेळ्या झाल्या होत्या, डोंगर एकच. रोपं वर यायची आणि खाल्ली जायची. मी डोळ्यांनी बघत होते आणि गप्प होते, कारण त्यात माझ्याही शेळ्या होत्या.

दोन हजार साल उलटल्यावर गावात जंगल राखायची समिती झाली आणि डोंगरावर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी लागली. सभेत सगळे हात वर. मी उभी राहिले आणि विचारलं, "झाडं येतील, बरं झालं. पण गवत कोण खाणार?"

मागून कुणीतरी म्हणालं, "वाढू दे की मावशी. तुला काय टोचतंय?"

"मला नाय टोचत. होळीला टोचंल."

लोक हसले. मीही बसले. बाकीच्यांनी हळूहळू शेळ्या विकून टाकल्या. त्यांना मळ्यात मजुरी होती. अक्काला कोण मजुरीला बोलावणार? द्राक्षाचा घड कापायला डोळे लागतात. तिच्याकडं शेळ्या होत्या म्हणून ती कुणाच्या घरात ओझं नव्हती. मी एकदा नुसतं म्हटलं, "अक्का, आपणबी विकून टाकू का?" तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "शेळ्या विक आन मला कोपऱ्यात बसव. ताट सरकवत जा." डोळ्यांचं ऑपरेशन करू म्हटलं तर त्यालाही नाही. "शेळ्या ऐकू येत्यात. बघायचंय काय त्यांच्यात?"

म्हणून आम्ही कळप मळ्यांकडं वळवला. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी होते, पाल्याचे ढीग पडतात. एका बागाईतदारानं निरोप दिला, "मावशी, पाला पडलाय, आणा शेळ्या." त्याच्या मुलानं आदल्या दिवशी तिथं औषध मारलं होतं, ते त्याला माहीत नव्हतं. मी पाल्याचा वास घ्यायला हवा होता. घेतला नाही. संध्याकाळी दोन चांगले बोकड तोंडाला फेस येऊन आडवे झाले. तो माणूस वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी येऊन ओट्यावर मान खाली घालून बसला. बोकड मी पुरले. गावातला एकजण म्हणाला, कापून विकायचे होते, कुणाला कळतंय. मी त्याला त्यानंतर कधी बोकड विकला नाही.

मग उरला डोंगर. बंद असलेला.

जंगलखात्याचा गार्ड तरुण होता, नवीनच लागला होता. तो दुपारी जेवायला गावात यायचा. मी वेळ धरली. त्याची मोटारसायकल खाली उतरली की आम्ही घळीच्या वाटेनं वर चढायचो. सोंडेवर एक सपाट आहे, दोन खळी मावतील एवढं. ते गावातून दिसत नाही. महिना-दीड महिना आम्ही रोज तिथंच शेळ्या नेल्या. सासूचा नियम मोडला. दोन दिवसांत सरकायला पाहिजे होतं, पण सरकलो असतो तर दिसलो असतो. सपाटावरचं गवत पार मुळापर्यंत गेलं, लेंड्यांचा थर पडला. त्या सपाटाच्या चारी बाजूंना मात्र गवत कमरेएवढं, पिवळं, चालताना करकर वाजणारं.

आणि घंटा. डोंगरात घंटेचा आवाज लांब जातो. एकदा गार्डनं मला ओढ्यावर गाठून विचारलं, "मावशी, वर कुणाची शेळी चुकली का? घंटा वाजत होती."

"नाय बा. देवळाची असंल."

"वर देऊळ कुठंय?"

"मंग तुमच्या कानात असंल."

तो हसला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या लुगड्याची चिंधी घेतली, घंटेच्या आतल्या लोलकाला गुंडाळली, उरलेली आत कोंबली आणि वरून सुतळीनं आवळली.

अक्कानं हात लावून बघितलं. "हे काय केलंस?"

"गार्डला ऐकू जातंय."

"आन मला?"

"तुम्ही माझ्या मागं मागं चाला. मी बोलत राहीन."

"तू बोलत राहशील. मंग गार्डला घंटा नाय, तू ऐकू येशील," अक्का म्हणाली. पण आली. दुसरं करणार काय.

पहिले आठ-दहा दिवस जमलं. मी पुढं पुटपुटत चालायचे, ती मागून चुकलेल्या शेळ्यांना चुचकारत यायची. त्या दिवशी, होळीच्या चार-पाच दिवस आधी, ती एका पाटीसाठी मागं थांबली. पाट म्हणजे पहिलटकरीण व्हायच्या वयाची शेळी. तिच्या खुरात काटा गेला होता. मी म्हटलं, मी पुढच्यांना सपाटावर घालते, तुम्ही या. वाट रोजची होती. मी सपाटावर पोचले, मागं वळले, आणि घळीच्या तोंडाशी धूर दिसला. कुणी लावला ते आजवर कळलेलं नाही.

एवढं झाल्यावर मी तिथं उभी होते आणि घंटा वाजत नव्हती.

मी काशीला शिंगाला धरून खाली पाडलं, तिच्या मानेवर गुडघा ठेवला आणि सुतळी सोडायला गेले. गाठ माझीच, पक्की. बोटांनी सुटेना. विळा माझ्याजवळ होता, पण काशी इतकी धडपडत होती की तिचा गळा चिरला असता. दातांनी ओढली. पुढचा दात अर्धा तुटला, तो तिथंच पडला असेल. सुतळी निघाली, चिंधी निघाली. मी घंटेचा पट्टाच काशीच्या गळ्यातून काढला, सपाटाच्या कडेला गेले आणि जीव खाऊन घंटा बडवायला लागले.

कुणी आलं नाही.

एक शेळी धुरातून बाहेर आली, माझ्याकडं बघून थबकली आणि परत आत पळाली. मला काही कळेना. घंटा तीच, वाजतेय, आणि जनावरं उलटी जातायत. मग डोक्यात आलं. मी ती शाळेच्या घंटेसारखी बडवत होते. ह्यांना घंटा ओळखीची नव्हती. ह्यांना काशीची चाल ओळखीची होती. काशी उजव्या मागच्या पायानं थोडी लंगडायची, त्यामुळं घंटा दोनदा लागून वाजायची, मग जरा थांबून एकदा. टण-टण, टण. टण-टण, टण. ह्या आवाजावर त्या चालायच्या. बाकी कुठलाही आवाज म्हणजे त्यांच्या लेखी कुणीतरी हाकलतंय.

मी पट्टा परत काशीच्या गळ्यात घातला. म्हातारी बसून राहिली, उठेना. तिला मी आयुष्यात पहिल्यांदा लाथ मारली. उठली. मग तिला शिंगाला धरून सपाटाच्या कडेकडेनं चालवायला सुरुवात केली. ओढत नाही, चालवत. ओढलं असतं तर तिची चाल बिघडली असती. मागं आग, घसा जळतोय, आणि मी एका लंगड्या शेळीला सावकाश फिरवतेय. माझ्या कामात इतकं अवघड मी दुसरं काही केलेलं नाही.

अर्धा फेरा झाला आणि पहिल्या तीन आल्या. मग एकदम पंधरा-सोळा, एकमेकींना ढकलत. पोटाखालचे केस करपलेले. मग चार. मग कुणीच नाही. मी चालवत राहिले. डावीकडचं गवत पेटलं तेव्हा चेहऱ्याला चटका बसला, मी काशीला मधोमध घेतलं आणि छोटे फेरे घालायला लागले. आणखी काही आल्या. मी तोंडानं मोजत होते आणि मोजता मोजता चुकत होते.

शेवटी धुरातून शिव्या ऐकू आल्या. आधी शिव्या, मग अक्का. पदर डोक्यावरून घेतलेला, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातानं त्या काटा लागलेल्या पाटीचा कान धरलेला.

"भवाने, आता वाजवती व्हय गं घंटा?"

मी थुंकले. माझ्या तोंडात रक्त होतं.

"आन मगाशी कोण बडवत व्हतं? मला वाटलं गावातली लोकं आली. मी त्यांच्यापासून लांब पळाली, म्हटलं धरत्याल." मग तिनं पायानं जमीन चाचपली. "हे आपलं सपाट का?"

"हो अक्का."

"गवत नाय ना?"

"एक काडी नाय. आपल्या शेळ्यांनी खाल्लंय."

"मंग बस," ती म्हणाली आणि खाली बसली.

आग सपाटाच्या कडेपर्यंत आली. तिला पुढं खायला काही नव्हतं. दोन्ही बाजूंनी फिरून ती वर निघून गेली. आम्ही तोंडाला ओला पदर लावून शेळ्यांच्या मधे बसलो होतो. वरचं सगळं रान गेलं. बंदीत वाढलेली साग-खैराची रोपं, माणसाएवढी झालेली, काळ्या काठ्या होऊन उभी राहिली. त्यांचं मला वाईट वाटलं. ती माझ्या शेळ्यांपासून वाचली होती.

दुसऱ्या दिवशी गार्ड मला घेऊन वर गेला. काळ्या डोंगरावर एवढा एकच तुकडा मातकट राहिला होता आणि त्यावर लेंड्याच लेंड्या. लपवायला जागाच नव्हती.

"मावशी, किती दिवस चारत होता इथं?"

"दीड महिना."

"देवळाची घंटा," तो म्हणाला.

"हो."

तो खूप वेळ कडेकडेनं चालत राहिला, जिथं काळं संपत होतं आणि खाल्लेलं गवत सुरू होत होतं. मग त्यानं विचारलं, "एवढ्याच रुंदीचा पट्टा, पायथ्यापासून वरपर्यंत, होळीच्या आत खाऊन होईल का?" दर हिवाळ्यात मजूर लावून असा पट्टा साफ करतात, म्हणजे आग पलीकडं जात नाही. त्याला जाळरेषा म्हणतात.

"होईल," मी म्हटलं. "पण दोन-दोन दिवसांनी सरकावं लागंल. आन घंटा वाजंल."

"वाजू द्या."

समितीत पुष्कळ बोलणं झालं. चोरी करणारीलाच चराई कशी द्यायची, हा प्रश्न बरोबरच होता. पण दिवाळीनंतर आम्हाला तो पट्टा मिळाला, आणि पुढं सात-आठ वर्षं आमच्या शेळ्या जाळरेषा खात होत्या. पट्ट्याच्या पलीकडं रोपं वाढली, आज त्यांची सावली पडते. पट्ट्यावर वाढलेल्या बोकडांची पाठ हनीफभाईंच्या बोटांना पहिल्यासारखीच भरलेली लागायची. वणव्याची गोष्ट त्यांना कळल्यावर त्यांनी काशीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "अब तो इस का नाम हो गया. अब दे दो, दाम अच्छा दूँगा." त्यांना वाटलं मी हसेन. मी हसले.

अक्कानं त्या पावसाळ्याआधी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. पट्टी सुटल्यावर माझ्याकडं बघून तिचं पहिलं वाक्य, "शांते, तुझा दात कुठंय गं?" घंटेची आणि चिंधीची गोष्ट तिनं मला पुढं कधी ऐकवली नाही. ऐकवली असती तर बरं झालं असतं.

आता शेळ्या नाहीत. गुडघे चढ घेत नाहीत, आणि घरातलं कुणी डोंगरावर जायला तयार नाही. ती घंटा माझ्याकडं आहे. हातात घेऊन मी ती काशीसारखी वाजवून बघते, पण जमत नाही.

त्या दिवशी आम्ही वर गेलो तेव्हा दोन बायका होतो आणि काशी धरून बेचाळीस शेळ्या. सात गवतात जळाल्या. खाली उतरलो ते मी, पारूअक्का आणि काशी धरून पस्तीस.